पन्हाळ्याचा शनिवार

आई, पन्हाळ्याला जायचं हे मूळ तुझंच म्हणणं. आठवं का नववं डायलिसिस होतं. डावा हात यंत्राला लावलेला, त्याच्याकडे न बघता तू छताकडे बघत म्हणालीस, "अकरा सहली नेल्या मी पन्हाळ्याला, पण पन्हाळा काय बघितला न्हाय. पोरांची डोकी मोजण्यातच दिवस जायचा. एकदा आपल्या माणसांबरोबर जाऊया. नुसतं बसायचं, कुणाला मोजायचं न्हाय." मी हो म्हणालो. तेव्हा मी तुझ्या कुठल्याही बोलण्याला हो म्हणत होतो. त्याचं कारण तुला ठाऊक होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या अकरा सहलींपैकी एका सहलीत मी होतो. नव्वद-एक्याण्णव साल असेल. चौथीचा वर्ग, तूच वर्गशिक्षिका. निघायच्या आदल्या दिवशी घरी तू मला बजावलं होतंस, "तिथं मी आई न्हाय, बाई. समजलं?" मी मान हलवली होती. पण तीन दरवाजाच्या अंधारात पोरांची ढकलाढकल सुरू झाली, कुणाचा तरी कोपर माझ्या नाकाला लागला आणि मी 'आई गं' करत तुझा पदर धरला. अजून दिसतंय मला. तू खाली बघतेस, माझी मूठ एकेक बोट करून उघडतेस आणि म्हणतेस, "रांगेत उभा राहा. सगळ्यांना सारखं." पोरं हसतात. परतीच्या एसटीत मी तुझ्याकडे पाठ करून बसलो. घरी आल्यावर तू मला जवळ घेऊन नाकाला गार पाण्याची पट्टी लावलीस आणि म्हणालीस, "आपल्यातल्या बाईनं स्वतःच्या पोराचं जास्त केलं की लोक लगेच बोट दाखवत्यात. तुला मोठं झाल्यावर कळंल." कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. डी.एड. झालेली तू घराण्यातली पहिली. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायचीस तेव्हासुद्धा लोक तुला बाईच म्हणायचे.

मग दोन हजार सहा. पायाची सूज, रक्तदाब, तपासण्या, आणि डॉक्टरांचं ते वाक्य, की दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, चार-चार तास यंत्र. एके दिवशी डॉक्टरांनी आप्पांना, ताईला आणि मला आत बोलावलं. म्हणाले, "घरातल्या कुणाचं मूत्रपिंड मिळालं तर या बाई पुष्कळ वर्षं काढतील. यांचा गट ओ आहे. दाता ओ गटाचाच लागेल. आधी रक्तगट तपासून या, मग पुढचं बघू." आप्पांचा बी, शिवाय साखर, ते तिथंच बाद झाले. ताई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गडहिंग्लजहून आली, तीही उपाशीपोटी, कारण रक्त द्यायचं म्हणजे उपाशीच यायचं असतं असा तिचा समज. तिचाही बी निघाला. लॅबच्या पायरीवर बसून ती रडली, "कसलं गं बाई हे रक्त माझं! आईच्या कामाचं न्हाय ते काय करायचं?" येणारे-जाणारे थांबून बघत होते. मी तिच्यासाठी चहा आणला. तो तिनं घेतला नाही.

माझा रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. ओ पॉझिटिव्ह.

तो कागद मी लॅबच्या दारात उभा राहून किती वेळ वाचला कुणास ठाऊक. वाचायला त्यात होतं एकच अक्षर. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. हिला सातवा महिना. शिरोलीच्या फौंड्रीत लागून सहा महिने झालेले, आणि तिथला एकजण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला होता, की मूत्रपिंड दिलेला माणूस परत भट्टीपुढं उभा राहू शकत नाही. त्याला काय माहीत होतं? काहीच नाही. मी डॉक्टरांना विचारू शकत होतो. विचारलं नाही, कारण ते 'काही होत नाही' म्हणाले असते तर मला पळायला वाट राहिली नसती. मी कागदाची घडी करून खिशात घातली. दवाखान्याच्या जिन्यात आप्पा उभे होते. "काय आलं रं?" मी म्हणालो, "बी." आप्पांनी कठड्याला धरलं आणि खाली बसले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. पण आपल्या घरात माझा शब्द दुसऱ्यांदा तपासायची पद्धतच नव्हती.

त्यानंतर मी पन्हाळ्याच्या मागे लागलो. वेड्यासारखा लागलो. सोमवारी आणि गुरुवारी यंत्र. दुसऱ्या दिवशी तू पिळून काढल्यासारखी पडून असायचीस. रविवारी सूज यायची, दम लागायचा. म्हणजे आठवड्यात बुधवार आणि शनिवार एवढेच दोन दिवस तुझे. बुधवारी मला सुट्टी नाही, म्हणून शनिवार. पहिल्या शनिवारी ताईच्या सासूबाई आजारी पडल्या. दुसऱ्या वेळी आपली पोरगी जन्मली आणि बाळंतिणीला घेऊन कसं जायचं म्हणून राहिलं. तिसऱ्या वेळी तुझ्या हाताची शीर सुजली. नंतर गळीत हंगाम सुरू झाला आणि आप्पांना बावड्याच्या साखर कारखान्यातून सुट्टी मिळेना. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, "असू दे, पन्हाळा काय पळून चाललाय?" आणि मी फौंड्रीच्या मागच्या बाजूला जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभा राहायचो. पन्हाळा पळून जाणार नव्हता हे मलाही कळत होतं. मला वाटायचं, एवढा एक दिवस जमला तर माझं थोडंतरी फिटेल. बावीस-पंचवीस किलोमीटरवरचा गड, रोज तासातासाला एसटी जाते, आणि आपल्याला पाच महिन्यांत तिथं पोचता येईना.

शेवटी जानेवारीत मी वहीच्या पानावर वेळापत्रक लिहून काढलं. आठला निघणे. नऊला पोचणे. कुठे गाडी थेट जाते, कुठे किती पायऱ्या. दुपारी दोन ते तीन विश्रांती. ते पान तुझ्या उशापाशी ठेवलं. फौंड्रीतून परत येऊन बघतो तर तू लाल पेनानं तपासून ठेवलेलं. 'पायऱ्या' मधला अर्धा र माझा चुकला होता, तो नीट केलेला. 'विश्रांती' खोडून पुढे लिहिलेलं, 'विश्रांती सोमवारी आहेच.' ही आणि मी हसलो. हसता हसता मला हुंदका आला, तर हिला वाटलं हसूच आवरत नाही.

आप्पांनी शुक्रवारी सलग दोन पाळ्या केल्या आणि शनिवार मोकळा केला. ताई आदल्या दिवशीच मुक्कामाला आली. सकाळी स्वयंपाकघरात हिनं तुझी भाजी दोनदा उकळून पाणी ओतून दिलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, ताईनं तुझ्या भाकरी बिनमिठाच्या थापल्या आणि म्हणाली, "आज सगळ्यांनीच अळणी खायचं. आईच्या पुढ्यात ठेचा काढला तर बघा." तू आतून ओरडलीस, "ठेचा घे गं! माझी जीभ गेली म्हणून तुमची पण कापू का?" तुझ्यासाठी अर्ध्या लिटरची बाटली भरली. दिवसभराचं तुझं पाणी तेवढंच. मी ती माझ्याच पिशवीत ठेवली.

शेजारच्यांची जीप. पुढे तू, तुझ्या मांडीवर चार महिन्यांची नात. डाव्या हातावर भार नको म्हणून उजव्या हातात धरलेली. वाघबिळाच्या पुढे चढ लागला तशी तू काच खाली घ्यायला लावलीस. "सहलीला काच उघडून देत नव्हते मी," म्हणालीस, "पोरं डोकी बाहेर काढायची." गडावर उन्हाला थंडीची धार होती. अंबरखान्यात, त्या जुन्या धान्यकोठारात, तू आत जाऊन उभी राहिलीस आणि वर बघत राहिलीस. "एवढं उंच हाय होय हे! मला नुसतं दार आठवत होतं. दारात उभं राहून मोजायचे ना." तेवढ्यात कुठल्याशा शाळेची सहल आत घुसली आणि त्यांच्या बाई ओरडल्या, "रांगेत, रांगेत!" तू पुढे होऊन त्या बाईंना म्हणालीस, "बाई, घटकाभर त्यांना ओरडू द्या. आवाज घुमतोय चांगला." त्या अनोळखी बाईंनी खरंच ओरडू दिलं. आप्पा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

जेवण झाल्यावर आपण सज्जा कोठीशी आलो. पायऱ्या चढायची तुझ्यात ताकद नव्हती. आप्पा, ताई आणि पोरीला घेऊन ही, अशी सगळी वर गेली. तू आणि मी खाली दगडावर बसलो. समोर दरी, पलीकडे जोतिबाचा डोंगर. तू बाटलीतून एक घोट घेतलास, झाकण लावलंस आणि अगदी वर्गात बोलायचीस त्या आवाजात म्हणालीस, "तू चौथीत असताना कुठल्यातरी मंडळानं शाळेत आरोग्य तपासणी केलती. आठवतंय?"

"न्हाय."

"बोटाला सुई टोचली तर रडला न्हाईस तू. त्रेपन्न पोरांची कार्डं मी माझ्या हातानं भरली. तुझ्या कार्डावर ओ लिहिलाय."

मला वाटलं, तू आता उठशील, मला मारशील, आप्पांना हाक मारशील. तू बाटलीचं झाकण उगीचच परत घट्ट केलंस.

"आप्पांनी तुझा बी म्हणून सांगितलं, त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का न्हाईस आई?"

"काय बोलायचं? मी तुझं घेतलंच नसतं की. लग्नाला वरीस न्हाय, बायकोच्या पोटात पोर. डॉक्टरांच्या तोंडावर न्हाय म्हटलं असतं." मग तू माझ्याकडे बघितलंस, त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बघितलंस. "पण ते मला म्हणू द्यायचं होतंस. पाणी दुसऱ्यानं मोजून द्यायचं, जेवण दुसऱ्यानं ठरवायचं. 'नको' म्हणायचं तेवढं एक माझ्या हातात होतं. तेपण तू घेतलंस."

मी तुझ्या पायाशी वाकलो, तर तू खांद्याला धरून मला सरळ बसवलंस. "ऊठ. वरनं बघत्यात. आणि कुणी विचारलं तर बीच सांग. ताईला तर मुळीच कळू देऊ नको. ती तुला जन्मात माफ करायची न्हाय." तेवढ्यात ताई पायऱ्या उतरून आली आणि म्हणाली, "काय गुलुगुलु चाललंय मायलेकांचं?" तू म्हणालीस, "काय न्हाय. जुनी शाळा काढलीया." परतीच्या वाटेवर तू झोपलीस. मी मागे बसून तुझ्या मानेकडे बघत होतो.

पुढच्या सोमवारी तुला यंत्रावर झोपवून मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. माझा गट ओ आहे, मी खोटं बोललो, आता काय ते करा, आज करा, पाहिजे तिथं सही देतो. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी तुझी फाईल उघडली, हृदयाचा रिपोर्ट काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "आता त्यांचं हृदय एवढं ऑपरेशन सोसणार नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर बघता आलं असतं." मी त्यांचे पाय धरले. पुण्याला नेतो म्हणालो, मुंबईला नेतो म्हणालो. त्यांनी मला पाणी दिलं. मी ते पिऊन टाकलं, सगळा पेला, आणि मग आठवलं की पलीकडच्या खोलीत तू तहानेनं ओठ चाटत पडली आहेस. बाहेर येऊन तुझ्याजवळ बसलो. "कुठं गेलतास?" तू विचारलंस. मी म्हणालो, "चहाला." हे दुसरं खोटं तुला कळलं का, ते मला माहीत नाही. मार्चमध्ये तू गेलीस.

आज या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. त्यानंतर आप्पाही गेले. ताई दरवर्षी तुझ्या पुण्यानुमोदनाला येते, आणि वंदना झाल्यावर, जेवायला बसलं की, माझ्या पाठीवर हात ठेवून तेच म्हणते, "आपल्या दोघांचं पण रक्त आप्पांचंच निघालं रे. आपण तरी काय करणार?" ती मला धीर देते, आई. मी खाली मान घालून जेवतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तू गप्प राहायला सांगितलंस म्हणून मी गप्प आहे. ते खरं नाही. तू सांगितलं नसतंस तरी मी गप्पच राहिलो असतो.

काल ताईचा फोन आला. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलंय. म्हणाली, "एकदा सगळी मिळून पन्हाळ्याला जाऊया. आईला नेलंतास तसं मला पण ने. तूच ठरव सगळं, तुला चांगलं जमतं." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर कागद घेऊन बसलो. काय ते सगळं लिहून तिच्या हातात द्यायचं, मग ती माझ्याबरोबर गड चढते का बघायचं, असं ठरवलं होतं. तुला लिहिणं सोपं गेलं, कारण तू वाचणार नाहीस. हे पत्र मी कुणालाच देणार नाही, हे आता शेवटाला आल्यावर मला कळतंय. कागदाच्या वर मी आधी 'ताई' लिहिलं होतं.