चार तासांनी येणारा फोन

इमाबारी, १९ नोव्हेंबर

चि. चिझुरूस,

आशीर्वाद आहेतच, रागावलो म्हणून ते थांबत नाहीत. इकडे थंडी पडली. शेजारच्या ओचीबाईंनी टोपलीभर संत्री दिली. तुला पाठवणार होतो, पण आधी हे पत्र.

परवा सुमोची शेवटची कुस्ती सुरू होणार एवढ्यात टीव्ही काळा झाला. ऑगस्टमध्ये तू टीव्हीला लावून दिलेली ती डबी आपोआप बंद पडली होती. दहा मिनिटांत तुझा फोन आला. डबी बिघडली म्हणून मी तुझ्याचकडे तक्रार केली, आणि तू म्हणालीस, असेल काहीतरी, होईल नीट.

काल विजेच्या दुकानातले मुराकामी आले. त्यांनी सेटिंग उघडून दाखवलं. डबी बिघडलेली नव्हतीच. चार तास रिमोटचं बटण दाबलं नाही की ती बंद होते, तशीच लावलेली आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती : बंद झाल्यावर चिझुरूला कळवणे. मुराकामी कौतुकानं म्हणाले, "पोरगी फार काळजीची आहे हो तुमची." मी त्यांना चहा दिला आणि बंद पडल्याच्या तारखा वाचून दाखवायला सांगितल्या.

तुझा फोन आला की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल करतो, हे तुला माहीत नाही. ऑगस्टपासून अकरा गोल आहेत. अकराही तारखा जुळल्या. बारावा गोल नाही.

मी टीव्हीसमोर डुलकी काढून उठायचो आणि तुझा फोन वाजायचा. ओचीबाईंना मी अभिमानानं सांगत होतो की पोरीला हजार किलोमीटरवरून माझं मन कळतं. चाळीस वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त केली मी, आणि घरातलं एक यंत्र मला कळलं नाही.

आता सेटिंग ‘कधीच बंद नाही’ असं करून घेतलं आहे. तब्येतीला जप.

तुझा,
बाबा

सेंदाई, २४ नोव्हेंबर

ती. बाबांस, वाकून नमस्कार. तुम्ही आशीर्वाद थांबवले नाहीत म्हणून हे लिहायचं धाडस करते.

गेल्या वर्षी तुम्ही न्हाणीघरात पडलात, दोन तास फरशीवर होतात. मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही ओचीबाईंकडून. पडलात तर मला कळवणारं, हाताला बांधायचं यंत्र आणलं तर तुम्ही म्हणालात, मी काय पळून जाणारं मांजर आहे का? म्हणून न विचारता हे केलं. बंद पडल्याचा निरोप आला की औषधांच्या दुकानातलं हातातलं काम तसंच टाकून मी फोन लावायचे. तुमचा आवाज ऐकेपर्यंत जिवात जीव नसायचा. हे खरं आहे.

पण एवढंच खरं नाही. निरोप आला नाही म्हणजे बाबा ठीक आहेत, अशी सवय लागली. मग बाकीच्या दिवशी तुमची चौकशी करायचं मी सोडूनच दिलं. दोन ऑक्टोबरला तुमचा सत्त्याहत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी डबी बंद पडली नाही, आणि मी विसरले. चार दिवसांनी आठवलं, तेव्हा लाजेनं फोन केला नाही. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

रागवा, पण ते सेटिंग पुन्हा चार तासांवर आणा. एवढं ऐका.

तुमची अपराधी,
चिझुरू

इमाबारी, ९ डिसेंबर

चि. चिझुरूस, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझं पत्र आठवडाभर दारातल्या टपालपेटीत पडून होतं आणि मी इस्पितळात होतो. घाबरू नकोस, आता घरी आहे. पंचवीस तारखेला ताप भरला. टीव्हीसमोर अंथरूण टाकून पडलो तो उठलोच नाही. पाणी घ्यायलाही उठवेना. टीव्ही मात्र चालू होता; ‘कधीच बंद नाही’ असं मीच करून घेतलेलं, त्यामुळे तुला निरोपही गेला नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा मजेत कुस्त्या बघतोय.

तिसऱ्या दिवशी ओचीबाई भांडायला आल्या. दोन दिवस तुमचा टीव्ही कोकलतोय, झोप नाही म्हणून दार बडवलं, मग मागच्या दारानं आत आल्या. फुप्फुसाला सूज होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं. तुला कळवणार नाही, असं मीच ओचीबाईंकडून वदवून घेतलं. म्हणजे लपवाछपवीत मीही तुझाच बाप.

डबी पुन्हा चार तासांवर आणली आहे, या खेपेला माझ्या हातानं. मात्र कळवायच्या ओळीतून तुझं नाव काढलं. तिथं ओचीबाईंचं घातलं, त्यांना विचारून. त्या दोन मिनिटांत पोचतात. तुला पोचायला दिवस लागतो.

राग गेलेला नाही. वाढदिवसाचं लिहिलंस ते बरं केलंस, पण वाचताना चष्मा काढून ठेवावा लागला. त्या दिवशी मी फोन जवळ घेऊन बसलो होतो आणि हातातल्या रिमोटची बटणं उगाच दाबत होतो. म्हणून डबी बंद पडली नाही.

आता माझ्याबद्दल तुला कुणी काही कळवणार नाही. मी कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर तुलाच विचारावं लागेल.

बाबा