पाण्याला गप्प करताना

उंब्रज,
रविवार

प्रिय अतिशय,

आठ वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील, मग कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजात ते खिशात ठेवशील आणि कुपवाडहून घरी गेल्यावर, चहा वगैरे झाल्यावर उघडशील. तुला कधीच कसली घाई नसते. फोन केला असता, पण तू मधेच 'असू दे गं' म्हणाला असतास आणि मी लगेच थांबले असते.

सुट्टी घेऊन घरी आले आहे. ऊस डोक्याच्या वर गेलाय. दुपारी सोप्यात आडवं झालं की पात्यांची सळसळ ऐकू येत राहते आणि झोप कधी लागली तेच समजत नाही. आबा फौजेतून परतल्यापासून विचारतायत, पुण्याच्या प्रयोगशाळेत तू नक्की करतेस काय. काल सांगितलं. काचेच्या बारीक नळीत, पाण्यात विरघळवलेलं प्रथिन असतं. ती नळी मोठ्या चुंबकात सोडायची आणि प्रथिनातला एकेक हायड्रोजन काय म्हणतो ते ऐकायचं. पण पाण्याचे हायड्रोजन इतके जास्त, की त्यांच्या गलक्यात बाकी काही ऐकूच येत नाही. म्हणून आधी पाण्याला गप्प करायचं. आबा म्हणाले, दुष्काळी जतच्या मानसांस्नी जाऊन सांग हे, ती बिचारी टँकरची वाट बघत्यात आन् तू पान्याला गप करतीस व्हय.

हसले खरी, पण मग दिवसभर तूच आठवत राहिलास. चुंबकाजवळ जाण्याआधी घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढून टेबलावर ओळीनं मांडणारा. सांगलीहून आणलेला भडंग दाराबाहेर उभं राहून खाणारा, आत एक दाणा सांडू न देणारा. संध्याकाळी त्या थंड खोलीत पंपाची एकसुरी टिकटिक चालायची आणि पडद्यावर चांदण्या निघाव्यात तसे एकेका हायड्रोजनचे ठिपके उमटत जायचे. अजून स्वप्नात ती खोली येते. आपण दोघं ठिपक्यांची वाट बघत बसतो.

तुझे ते दोन फिकट ठिपके. चार वर्षं तू त्यांच्यामागे होतास. प्रथिनाचं एक टोक हलतं, जिवंत असतं, ते फक्त त्या दोन ठिपक्यांवरून कळत होतं. तू पाण्याला न दुखवता बाजूला करायचास, त्या जुळवाजुळवीत सकाळची दुपार व्हायची. सरांना शंका होती, म्हणून त्यांनी प्रयोग मला परत करायला सांगितला. त्या दिवशी मला पाचची एसटी पकडायची होती. तुला सांगितलं होतं आईला बरं नाही. खरं म्हणजे मला बघायला पाहुणे येणार होते, आणि ते तुला सांगायला जीभ रेटली नाही. तुझी रीत मला वेळखाऊ वाटली. मी सोपी वाट धरली. पाण्यावर जोरात, बराच वेळ रेडिओलहरी सोडल्या आणि ते पार गप्प केलं. चित्र स्वच्छ आलं. तुझे ठिपके नव्हते.

सर म्हणाले, तो नुसता गोंगाट होता. तू मान डोलावलीस. ते स्थळही जमलं नाही, हे जाता जाता सांगते.

दोन दिवसांनी आंघोळ करताना माझ्या लक्षात आलं. काही हायड्रोजन प्रथिन सोडून पाण्यात जातात आणि पाण्यातले त्यांच्या जागी येऊन बसतात, सारखी ये-जा चालू असते. पाण्याला जोरानं दाबलं की तेही मुके होतात. ठिपके होते रे, अतिशय. मीच ते पुसले होते. पण तोवर सरांनी माझं कौतुक केलं होतं, परदेशातल्या जागेसाठी माझं नाव पाठवलं होतं. मी भित्री निघाले. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि तू प्रबंध अर्धा टाकून तुझ्या नेमिनाथकाकांच्या कुपवाडच्या कारखान्यात लेथ यंत्रावर उभं राहायचं ठरवलंस.

तू निघायच्या आदल्या दिवशी तुम्हा जैनांची क्षमावाणी होती, सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. पर्व संपल्यावर तू दरवर्षी करायचास तसा प्रयोगशाळेतल्या प्रत्येकासमोर हात जोडत आलास, झाडणाऱ्या शालूबाईंसमोरसुद्धा. माझ्यासमोर थांबून म्हणालास, माझ्या चुकीपायी तुझे दिवस वाया गेले, क्षमा कर. आणि मी केली. अगदी मोठ्या मनानं, हसून, तुला क्षमा केली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात तेच प्रथिन नव्यानं तयार केलं आणि तुझ्या रीतीनं, सकाळची दुपार करत, मोजलं. दोन्ही ठिपके आले. सरांना सगळं सांगितलं आहे, माझ्या भित्रेपणासकट. शोधनिबंध लिहून झालाय, पहिलं नाव तुझं आहे, सोबतच्या कागदावर तुझी सही हवी. पण पत्र त्या सहीसाठी नाही, सही तू देशीलच. यंदाची क्षमावाणी होऊन सहा दिवस झाले. सहीचा कागद तयार होता, तरी हे पत्र लिहायला मी मुद्दाम ते दिवस जाऊ दिले. त्या दिवशी हाती पडलं असतं तर रीत म्हणून तुला मला क्षमा करावीच लागली असती. आता तशी काही सक्ती नाही. आधी नीट रागाव माझ्यावर.

तुझीच,
शिवांजली