काकांच्या विमानाचा नंबर

लाम्पांग, थायलंड
१८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप नेस्टाताईस,

धाकट्या ग्विलिमचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण डावा घोटा अजून पुरता वळत नाही, तेव्हा हा खिडकीला धरून उभ्याउभ्या घातलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? खोकला? शेजारच्या मेंढ्या अजून तुझ्या बागेत घुसतात, की तुझा आवाज ऐकून त्यांनीच गाव सोडलं? इकडे मी मजेत आहे. (हे वाक्य मी गेली अकरा वर्षं प्रत्येक पत्रात लिहितोय आणि तू दर वेळी त्याखाली लाल रेघ मारून पत्र परत पाठवतेस. तीस वर्षं शाळेत शिकवलंस हे कबूल, पण सख्ख्या भावाच्या पत्राला दहापैकी चार मार्क देणं बरं नव्हे.) फोन का करत नाहीस, असं विचारशील. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती बोलतेस. कागदावर निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं.

तुझं पत्र पोचलं आणि सोबतचा तक्ताही पोचला. मधोमध पट्टीनं आखलेली रेघ, डावीकडे 'परदेशात राहण्याचे फायदे', उजवीकडे 'तोटे', आणि खाली हुकूम: प्रामाणिकपणे भरून उलटटपाली पाठवणे. मी प्रामाणिकपणे बसलो. तोट्यांपासून सुरुवात केली, कारण त्या दिवशी भयंकर उकडत होतं. पहिला तोटा: दर नव्वद दिवसांनी परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन 'मी अजून त्याच खोलीत राहतो' असं लिहून द्यावं लागतं. अकरा वर्षं झाली, तीच खोली, तोच जिना, तरी लिहून द्यायचं. पण तिथली बाई मला बघितलं की आधी खुर्ची देते आणि मग 'काका, बारीक झालात' किंवा 'काका, पोट सुटलं' यांतलं जे खरं असेल ते सांगते. आपल्या बाला गावातल्या कुठल्या कचेरीत माझ्या पोटाची कुणी दखल घेतली होती? म्हणून तेच फायद्यांतही लिहिलं. दुसरा तोटा: चहात बर्फ घालतात. (पहिली दोन वर्षं मी यावर भांडलो. आता बर्फ नसला तर भांडतो.) तिसरा: इथं तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही. नळवाला 'उद्या येतो' म्हणाला की समजायचं, येणार नाही. आणि 'उद्या नक्की येतो' म्हणाला की समजायचं, त्यानं नळाचा धंदाच सोडला. चौथा तोटा: शेजारी. ते मी डावीकडेही लिहिले, उजवीकडेही लिहिले, मग दोन्हीकडचे खोडले, पुन्हा लिहिले, आणि तिथं कागद फाटला. फाटला म्हणून उलटा करून पाहिला तर मागे तुझ्या अक्षरात एकच ओळ: 'तिथं उद्या तुला काही झालं, तर तुझं म्हणावं असं माणूस कोण आहे?' ताई, असले प्रश्न मागच्या बाजूला लिहीत जाऊ नकोस गं. माझं जेवण गेलं त्या दिवशी.

आता शेजाऱ्यांविषयी सांगतो. मी राहतो त्या सागवानी घराची मालकीण बुआफनबाई. वय सहासष्ट, नवरा वारलेला, खाली तिचं नूडल्सचं दुकान, वर मी. (तू जे विचारणार आहेस त्याचं उत्तर नाही असं आहे. सात वर्षांपूर्वी मी एकदा विचारलं होतं. ती हसली, मला वाटीभर रस्सा जास्त वाढला, आणि विषय संपला. वर म्हटलंच, इथं तोंडावर नाही म्हणत नाहीत.) समोर राहतो इनसॉन. तो टांगेवाला. पाहुण्यांना फुलं लावलेल्या टांग्यातून नदीकाठी फिरवतो आणि उरलेल्या वेळात लॉटरीचा विचार करतो. लॉटरीचा विचार अख्खी गल्ली करते, पण इनसॉन तो मन लावून करतो. सरकारी सोडत दर महिन्याच्या एक तारखेला आणि सोळा तारखेला असते. त्याआधी आठ-दहा दिवस या गल्लीत घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीला नुसतं घडून चालत नाही, तिला आकडा द्यावा लागतो. गाडी ठोकली, तिचा नंबर. कुणी वारलं, त्याचं वय. मांजर व्यायली, पिल्लं मोजा.

तर झालं असं, की जुलैच्या अखेरीस माझ्या छतावर एक तोके आली. तोके म्हणजे पालच, पण वीतभर लांब, ठिपक्याठिपक्यांची, आणि स्वतःचंच नाव मोठमोठ्यानं घेणारी. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून झाडूनं तिला हुसकायला गेलो. (हो, एकोणसत्तराव्या वर्षी. हो, प्लास्टिकची. पुढं वाच.) तिनं छत सोडलं आणि माझा सदरा धरला. मी खुर्ची सोडली आणि दुसरं काही धरायला नव्हतं. आवाज ऐकून बुआफनबाई डाव हातात घेऊनच वर धावली, मागून इनसॉन. मी जमिनीवर, पाय भलत्याच दिशेला, डोळ्यांत पाणी. आणि इनसॉन माझ्याजवळ बसून, हात हातात घेऊन, अगदी कळवळून विचारतो काय, तर "काका, पडायच्या आधी ती किती वेळा ओरडली?"

मला दवाखान्यात टांग्यातून नेलं. घोड्याच्या डोक्यावर तुरा, माझा पाय समोरच्या बाकावर, आणि वाटेत एका पर्यटक कुटुंबानं हात हलवून आमचा फोटो काढला. मीही हात हलवला, सवयीनं. दवाखान्यात बेड मिळाला अठ्ठेचाळीस नंबरचा. संध्याकाळपर्यंत माझ्या उशाशी अकरा माणसं जमली होती आणि वाद पेटला होता: माझं वय, पडायची वेळ, पालीचं ओरडणं की बेडचा नंबर? मी कण्हत होतो. बुआफनबाईनं निकाल दिला, बेड. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला सोडत निघाली आणि शेवटचे दोन आकडे आले चार आणि आठ.

अख्ख्या गल्लीला लागलं. इस्त्रीवालीला लागलं, शिंप्याला लागलं, देवळातल्या झाडूवाल्याला लागलं. फक्त ज्याचा घोटा मोडला त्याला लागलं नाही, कारण त्याला तिकीट घ्यायचं सुचलंच नाही आणि कुणी त्याच्यासाठी घेतलंही नाही. (यावर मी पंधरा दिवस रुसून होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही.) तेव्हापासून मी गल्लीचं दैवत झालो. इथं आकड्यांसाठी देवळातल्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर टाकतात तशी लोक माझ्या प्लास्टरवर पावडर टाकून बोटानं घासायचे आणि डोळे बारीक करून त्यात आकडे शोधायचे. मी झोपलेलो असलो तरी. महिन्याची तेरा-चौदा आणि अठ्ठावीस-एकोणतीस तारीख आली की जिन्यावर पावलं वाजायची. "काका, बरं आहे ना?" "बरं आहे." "कुठं दुखतखुपत नाही ना?" "नाही." "नाहीच?" आणि मग असा चेहरा पडायचा की वाटायचं, द्यावी पुन्हा उडी. एकदा इनसॉन म्हणाला, "काका, तुम्ही आता स्कूटर शिकायला हरकत नाही."

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मध्येच तुझं ते पत्र आलं, मागच्या बाजूसकट. ती ओळ वाचून मी पलंगावर बसलो आणि पहिल्यांदा मनात आलं, की ताई म्हणते ते खरं आहे. ही माणसं माझी नाहीत. मी यांना आकडे देणारं एक झाड आहे, आणि झाड वाळलं की कुणी पाणी घालणार नाही. त्याच तिरीमिरीत तिठ्यावरच्या दुकानात जाऊन तीन डिसेंबरचं विमानाचं तिकीट काढलं. फक्त जायचं. तुला कळवलंच आहे. तू खोलीला पिवळा रंग दिलास आणि नवी गादी आणलीस, हेही कळलं.

खाली दुकानात भर गर्दीत मी सांगून टाकलं, की मी कायमचा चाललो. सगळ्यांचे चमचे थांबले. बुआफनबाईनं रस्सा ढवळायचा थांबवला नाही, पण पाठ फिरवली. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, काका नका जाऊ. कुणीतरी म्हणेलच. तेवढ्यात त्या शांततेत इनसॉननं घसा साफ केला आणि विचारलं, "काका, विमानाचा नंबर काय?"

ताई, मी बस चालवली आयुष्यभर. शनिवारी रात्रीचे दारुडे सहन केले, शाळेच्या सहली सहन केल्या. पण इतका संताप मला कधी आला नव्हता. मी ओरडून सांगितलं, "सहाशे सतरा! सहा, एक, सात! लिहून घे! पारपत्राचा नंबर पण हवाय का?" आणि एका पायावर जिना चढून वर गेलो. (रागानं ताडताड जिना चढण्यात जी मजा असते ती लंगडताना येत नाही. मध्ये दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा खालून कुणीतरी "सावकाश, काका" म्हणालं.) पुढचे चार दिवस मी खाली उतरलो नाही. बुआफनबाई दोन्ही वेळा ताट दाराशी ठेवून न बोलता जायची. ती गेल्याची खात्री झाली की मी ताट आत घ्यायचो.

परवा सोळा तारीख होती. दुपारी खाली टीव्हीवर सोडत लागली. वर मला सगळं ऐकू येतं. टीव्हीवरची बाई एकेक आकडा वाचत होती. शेवटचे तीन आकडे. सहा. एक. सात.

मी कान झाकून घेतले. आता पातेली वाजतील, आता घोड्याला हार घालतील, माझ्या जाण्यावर गल्ली दिवाळी करील. पण कसलाच आवाज येईना. कान उघडले तरी येईना. शेवटी मी भिंतीला धरून खाली गेलो. दुकान भरलेलं होतं आणि दुखवट्याला बसावं तशी सगळी बसली होती. इस्त्रीवाली डोळे पुसत होती. इनसॉननं दोन्ही हातांत डोकं धरलं होतं. मी विचारलं, "लागलं ना तुम्हाला?" मग शिंप्यानं सांगितलं. मी वर गेल्यावर बुआफनबाईनं हातातला डाव खाली ठेवलाच नव्हता. तो घेऊन ती घरोघर हिंडली होती. जो कुणी त्या आकड्याचं तिकीट घेईल त्यानं पुन्हा तिच्या दुकानाची पायरी चढायची नाही. म्हणाली, "या आकड्याला बक्षीस लागो असं मागायचं म्हणजे ते विमान उडो असंच मागायचं की! मागा ज्याला मागायचं असेल त्यानं." मग कुणी मागितलं नाही. तिकीटवाला सहाशे सतराची सगळी तिकिटं घेऊन दुसऱ्या गावाला गेला आणि तिथं त्यांचं सोनं झालं.

इनसॉननं मान वर केली. डोळे लाल. "मी दोन तिकिटं हातात घेतली होती, काका," तो म्हणाला. "परत ठेवली. आता तरी जाऊ नका हो. नाहीतर सगळं फुकट गेलं."

बुआफनबाई रस्सा ढवळत राहिली. पाठ तशीच माझ्याकडे. मी तिला म्हटलं, एक वाटी द्या. तिनं दिली, आणि रस्सा इतका खारट झाला होता की काय सांगू. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. मी रडलो, ताई. खारट होता म्हणून नाही.

असो. तक्ता फाटल्यामुळे पाठवत नाही, तरी हेच उत्तर समजावं. अजून नीट विचार करतो आहे, घाईनं काही ठरवणार नाही. खोकल्याचं औषध वेळेवर घे. मेंढ्यांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (असं लिहायची पद्धत आहे, फार मनावर घेऊ नकोस),
ग्विलिम

ता. क. मोज्यांचे चार जोड पाठव, जाड लोकरीचे. इथं माझ्या मापाचे मिळत नाहीत, आणि प्लास्टर काढलेला पाय संध्याकाळी गार पडतो.

ता. क. २. 'मोजे कशाला, डिसेंबरात तर तू इकडे येणारच आहेस,' असं तू म्हणशील. ताई, तिकीट मी काल सकाळीच रद्द केलं. वर जे 'नीट विचार करतो आहे' असं लिहिलंय ते खोटं आहे. त्याखाली लाल रेघ मारायला हरकत नाही. पिवळ्या खोलीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

ता. क. ३. हे लिहू नये असं तीनदा ठरवलं. तू मला विचारलंस ते मी तुला कधीच विचारलं नाही. एमरिस भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात तू न्हाणीघरात पडलीस, तेव्हा सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होतीस, हे तू मला चार महिन्यांनी, मेंढ्यांच्या मजकुरात लपवून कळवलंस. तू पिवळा रंग माझ्यासाठी दिलास असं मी इतके दिवस समजत होतो. इथं माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. खिडकी नदीकडे उघडते. बुआफनबाईला सांगितलं की माझी बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही आणि सगळ्यांच्या चुका काढते. तिला फार आनंद झाला. म्हणाली, या गल्लीत बरोबरीनं भांडायला कुणी उरलंच नाही. आज सकाळपासून जिन्याला कठडा बसवायचं काम चालू आहे, तुझ्या गुडघ्यांसाठी. नळवाल्यानंच मनावर घेतलंय, आणि कधी नव्हे तो सांगितल्या वेळेला आला. ये, ताई. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर इथं माझ्यासमोर येऊन म्हण.