सुपातला सौदा

श्रीमती रुख्माबाई यांना बिरसीजवळून दुधरामचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेस दिलेलं तेल लावता की लखनच्या बायकोनं ते भाजीत घातलं? मोहफुलं यंदा बरी पडली असतील. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे प्रकृतीनं खुशाल आहेत; बोलणं दोन दिवसांपासून बंद आहे, आणि त्याला कारण तुम्ही आणि मी आहोत. (लखन, तू आईला पत्र वाचून दाखवशीलच. कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस, ते माझं मला असतं.)

तर आमच्या सुनेची, टीनाची, आजी इंग्लंडात जन्मलेली. नर्स होऊन इकडे मिशनच्या दवाखान्यात आली आणि तिथल्याच कंपाउंडरशी लग्न करून राहिली. ती वारली त्यालाही वीस वर्षं झाली. आता कळलं की आजी तिकडे जन्मलेली असली तर नातीला तिकडे जाऊन राहता येतं. टीनाही नर्सच. तिला तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागली, आजीचा जन्मदाखला एका पेटीच्या तळाशी सापडला, आणि ती, आमचा हिमांशू आणि पाच वर्षांचा टिंकू असे तिघे निघाले. मी कोणाला अडवलं नाही. (मला कोणी विचारलंच नाही.)

सगळे कागद झाले. एकच राहिला, टिंकूचा जन्मदाखला. तो माझ्या पेटीत होता आणि पाच वर्षं मी तो कोणाच्या हाती लागू दिला नव्हता. शाळेत नाव मीच घातलं, आधार बापाच्या नावावर निघालं. परवा हिमांशूनं कुलूप तोडलं.

तुम्हाला आठवतं ना? लॉकडाऊन, रस्ते बंद, तुम्ही लेकीकडे आमच्या गावात अडकलेल्या, म्हणून टिंकू तुमच्याच हातावर झाला. टीनाची आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. सहाव्या दिवशी तुम्हीच म्हणालात की याला विकून टाका, दुसऱ्याचं पोर म्हटलं की यम हात लावत नाही. सुपात घातला, तुम्ही पायलीभर कोदोचं धान्य दिलं, पोराला उचललं आणि "आता हा माहा, तुमी फक्त पोसा" म्हणून टीनाच्या मांडीवर ठेवला. बिसाहू, म्हणजे विकत घेतलेला, हे टिंकूचं खरं नावही तुम्हीच ठेवलंत. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पुढचं शहाणपण माझं. नोंद करायला मी गेलो, आणि वाटेत मनात आलं की देवाघरी सौदा तुमच्या नावानं आणि सरकारी वहीत आई टीना, असं झालं तर यम दोन्ही वह्या ताडून बघेल. म्हणून आईचं नाव मी सांगितलं, रुख्माबाई. वय अठ्ठावन्न. लिहिणाऱ्यानं एकदा वर बघितलं आणि लिहिलं.

कागद बघणाऱ्या नागपूरच्या वकिलानं दाखला वाचला. वडील हिमांशू, वय सव्वीस. आई रुख्माबाई, वय अठ्ठावन्न. त्यानं हिमांशूकडे बघितलं आणि पाणी मागवलं. घरी येऊन टीना एवढंच म्हणाली, "मामाजी, तुमी यमाले फसवाले गेले अन् मलेच फसवून बसले." तेव्हापासून ताट वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. रुख्माबाई, मला ते सोसत नाही.

वकील म्हणतो, तुम्ही शुक्रवारी गोंदियाला येऊन प्रतिज्ञापत्र द्यायचं की हे मूल तुमचं नाही. सोमवारी ते नागपूरला गेलं पाहिजे. नाही गेलं तर टिंकूचं जाणं अडलं, आणि टीना पोराला टाकून जाणार नाही, म्हणजे तिची नोकरी गेली. तेव्हा सवडीनं विचार करून कळवावं.

आपला,
दुधराम

ता. क. – लखनचा मोबाइल नंबर माझ्याकडे असताना मी पत्र का लिहितो, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. टपाल तुमच्या चिचगडला पोचेपर्यंत शुक्रवार निघून जातो. हिमांशूला मी सांगून ठेवलं आहे की रुख्माबाई मोहफुलं वेचायला जंगलात गेली, फोन लागून नाही राहिला. (दोष टपालाचा होईल. पोरगा इथे राहील.)

ता. क. २ – पाकीट चिकटवता चिकटवता टिंकू आला. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ वैमानिकांची विमानं आमच्या धानाच्या बांधीवरून जातात आणि तासाभरात फिरून तिथेच उतरतात. त्यानं तेवढंच विमान पाहिलं आहे. मला म्हणतो, "आबाजी, मी एक चक्कर मारून येतो. तवरीक माही सायकल कोनाले देऊ नोको." मी सायकलला तेल घातलं. हे पत्र टपालात टाकत नाही. देवरीच्या बसचा ड्रायव्हर मुन्नालाल आज संध्याकाळीच चिचगडला पोचवील. उद्याच शुक्रवार, पहिल्या बसनं निघा, मी गोंदियाच्या स्टँडवर उभा आहे. लखन, कंसातलंही सगळं वाचून दाखव. तिला कळू दे मी कसा माणूस आहे.

ता. क. ३ – एकच मागणं आहे. कागदावर आई टीनाच लिहू द्या, पण कोदो परत घेऊ नका. आमची मंडळी, टिंकूची आजी, परत द्यायला पायली भरून बसली आहे. सौदा मोडून पोराला मोकळं करूनच पाठवायचं म्हणते. तुम्ही नाही म्हणा. टीना तिच्या आजीमुळे तिकडची झाली, तसा टिंकू तुमच्या सुपामुळे चिचगडचा राहू द्या. मी सत्तरीला आलो. मी नसलो तरी इकडे त्याला आपला म्हणणारं कोणी पाहिजे. लखन, हे कंसात नाही. हे दोनदा वाच.