बर्फाचे कलम

मी, बर्नडेट मेरी ग्रेक, वय एकोणसत्तर, अविवाहित, राहणार मकाय, क्वीन्सलँड, सध्या मुक्काम सेंट रीटा सेवाघर, खाट चार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, पोट नाही. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. गोड बोलणारा रोज चार वाजता येतो, पण त्याने हा कागद पाहिलेला नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे प्रार्थनापुस्तक आणि शाळेतला टाक धर्मकन्या रोझॅन हिला. कॉन्व्हेंटात सिस्टर इमॅक्युलाटा म्हणायच्या, "मुली, आधी वाक्य पुरं कर, मग रड." वर्गातल्या ओल्या खडूचा वास मला अजून येतो. रोझॅन, त्या टाकाने कोणाला माफीचे पत्र लिहू नकोस.

२. काचेचे मोठे पुडिंगचे भांडे मावसबहीण टेसी हिला. ते १९९४ च्या नाताळपासून तिच्याच घरी आहे. यापुढे मी येणार म्हणून ते लपवायची गरज नाही.

३. घराखालच्या मोकळ्या जागेतले तांब्याचे वेटोळे, पंप, टब आणि थर्मामीटर भाऊ लॉरेन्स, म्हणजे लॉरी, याला. ते त्याचेच आहे, पण जागा माझी, म्हणून लिहिलेले बरे. बिअरसाठी उकळलेला गोड रस थंड झाल्याशिवाय त्यात यीस्ट घालता येत नाही. लॉरी हे वेटोळे रसात बुडवतो आणि त्यातून नळाचे पाणी सोडतो. पण आमच्याकडे जानेवारीत नळालाच एकतीस अंशांचे पाणी येते. म्हणून तो नळी आधी बर्फाच्या टबातून नेतो.

४. माझे प्लॅस्टिकचे तीन चौकोनी कॅनही त्यालाच. यांना बर्फ लागत नाही. उकळता रस तोंडापर्यंत भरायचा, दाबून हवा काढायची, झाकण आवळून कॅन आडवा करायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचे. इथे निम्मे लोक असेच करतात. लॉरी म्हणायचा, "आळशांचं काम! सावकाश थंड झाली की बिअर कडू होते, बर्नी. एका घोटात ओळखीन मी." लॉरी, २०१४ च्या स्पर्धेतली पहिल्या बक्षिसाची निळी फीत तू भिंतीला लावली आहेस ना? स्पर्धेला जाणाऱ्या खोक्यातल्या बाटल्या मी बदलल्या होत्या. ती बिअर माझ्या कॅनमधली.

५. घर. आईने ते माझ्या नावावर केले. लॉरी त्यात तीस वर्षे राहतो आहे आणि पुढेही राहू असे धरून चालला आहे.

१७ जानेवारी २००९, शनिवार. आई वरच्या खोलीत होती. तिलाही हाच आजार. पाणी गिळवत नव्हते. ओठांवर बर्फाचा तुकडा ठेवला की तेवढा चोखायची. मी फ्रीझर उघडला तर रिकामा. खाली गेले.

"आईचा बर्फ कुठाय?"

"टबात."

"सगळा?"

"अगं, नळाला चहाएवढं गरम पाणी येतंय! वीस मिनिटं दम धर, मग नवा आणून देतो."

"ती मागतेय, लॉरी."

"मग थंड पाणी दे की तिला. स्पर्धेचा रस आहे हा, आता थांबवता येत नाही."

मी गाडी काढली. बर्फाची पिशवी घेऊन परत जिना चढत होते, तेव्हा खालून त्याची आनंदाची आरोळी आली, "एकवीस! एकवीस अंश, बर्नी!" आई गेलेली होती. ओठ कोरडे होते.

आता तो माझ्यासाठी थर्मासमधून बर्फ आणतो. रुमालात बांधून फोडलेला, तुकडे नखाएवढे, टोचू नयेत म्हणून पाण्यात फिरवलेले. इतक्या मायेने मला कोणी भरवलेले नाही. माझ्या आधीच्या मृत्युपत्रात त्याला काहीच नव्हते. सोमवारी मी ते फाडणार होते, घर त्याला देऊन टाकणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "आईलाही मी असाच भरवायचो ना? अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा. आठवतं तुला?"

त्याचे डोळे भरले होते. तो खोटे बोलत नव्हता. दहा वर्षांत त्याने ते खरे करून टाकले आहे. मी तोंड उघडले आणि पुढचा तुकडा घेतला.

तरी वकील श्री. ऑबिन यांनी, हा कागद वाचण्याआधी, लॉरीला एकच प्रश्न विचारावा: "शेवटच्या दिवशी आईला बर्फ कोणी दिला?"

"कोणीच नाही" म्हणाला, तर घर त्याचे.

"मी" म्हणाला, तर तीस दिवसांत घर रिकामे करून घ्यावे, विकावे आणि पैसे सेंट रीटाला बर्फाच्या यंत्रासाठी द्यावेत.

"बर्नीने" म्हणाला, तरीही विकावे. मीही दिलेला नाही.

प्रश्न एकदाच विचारावा. त्याला विचार करायला वीस मिनिटे द्यावीत.

अक्षर माझे आहे आणि हात कापत नव्हता, हे खालील दोघांनी समोर बसून पाहिले आहे. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

सही: बर्नडेट मेरी ग्रेक
साक्षीदार: नोएलीन पार्सन्स, परिचारिका
साक्षीदार: टोमासी नाइवालु, माळी

मकाय, २१ फेब्रुवारी २०१९, दुपारी पावणेचार. नोएलीन, हा कागद आता उचल. त्याची गाडी आली.