यादीतली पहिली बैठक

२ नोव्हेंबर

आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी. इतिहासाला वेळ नसेल तर ही वही आहेच!

नवा बिनतारी स्पीकर आणला. खोक्यावर लिहिलंय, दोन मिनिटांत जोडा. दोन मिनिटांत मला चष्माही सापडत नाही. आमच्या इमारतीचं वायफाय सामायिक, आणि त्याचा पासवर्ड वार्षिक सभेत मतदानाने ठरतो. सभा मी चुकवली होती. म्हणून गुड्रुनच्या दारात उभं राहणं आलं. गुड्रुन आमच्या रहिवासी मंडळाची अध्यक्ष. बहुतेक जन्मतःच.

“सभेला आली असतीस सिद्सेल, तर केकही मिळाला असता.”

पासवर्ड मिळाला. केक नाही.

मग स्पीकर विचारतो, माझं नाव काय? तयार नावांतलं ‘बैठक’ निवडलं. फोनवरच्या सामायिक यादीत पाहते तर अख्ख्या इमारतीतले स्पीकर ‘बैठक’! आमच्या ऑर्हूस शहरात यंत्राला स्वतःचं नाव देणं म्हणजे फुशारकी, आणि फुशारकीपेक्षा गोंधळ बरा. ज्याचं बारसं शेवटी होतं तो यादीत सगळ्यांच्या वर बसतो. म्हणजे मी. आयुष्यात कुठेतरी पहिली आले!

४ नोव्हेंबर

या दिवसांत तिन्हीसांज दुपारच्या कॉफीतच येऊन बसते. दिवा लावला नव्हता. आणि स्पीकर आपणहून वाजू लागला — अकॉर्डियन, कुठलासा जुना वॉल्ट्झ. माझा फोन तर स्वयंपाकघरात! चार-पाच गाणी झाली आणि थांबलं.

भुताला निदान अभिरुची आहे.

५ नोव्हेंबर

पुन्हा.

जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली: “माझ्या घरात जो कोणी रोज नाचतो आहे, त्याने कृपया बूट काढावेत.” शेजाऱ्याचं दार वाजवून विचारणं म्हणजे आमच्यात जवळजवळ मारामारी. चिठ्ठी सभ्य.

९ नोव्हेंबर

चिठ्ठीला उत्तर नाही, गाण्यांना खंड नाही.

बंदरावरून धुकं आलं. समोरची इमारत विरघळली, मग आमचं अंगण, मग सायकली. साप्ताहिकासाठी लिहायचा माझा लेख तसाच पडलाय — कोणावर तरी दात खायचे होते, कोणावर ते आठवेना. अकॉर्डियन श्वास घेतं, सोडतं. खोली तरंगत कुठेतरी निघाल्यासारखी वाटली, आणि मला उतरायची घाई नव्हती.

जाऊन चिठ्ठी काढून आणली.

१० नोव्हेंबर

आज त्याला उशीर झाला. मी दोनदा स्पीकरच्या चार्जरची वायर तपासली. वेडी!

१३ नोव्हेंबर

माझं पार्सल खालच्या मजल्यावर हालफ्दानकडे ठेवलं होतं. आणायला गेले. हालफ्दान नव्वदीचा, ठार बहिरा. कानाची यंत्रं बटणांच्या डब्यात — “त्यातनं सगळी भांडी पडल्यागत ऐकू येतं!” त्याची एलना वसंतापासून खिडकीजवळच्या पलंगावर.

“बस, बस!” तो ओरडला. “आमच्या गाण्यांची वेळ झाली. पंचवीस वर्षं मी हिला नाचवलंय. आता नुसतं ऐकवतो.”

फोन डोळ्यांपाशी धरला, यादीतलं सगळ्यात वरचं नाव दाबलं, खुर्चीत बसला. गुडघ्यावर हाताने ताल धरला. चेहरा उजळलेला.

खोलीत चकार आवाज नाही. खिडकीतला त्यांचा स्पीकर मुका. आणि छतातून, माझ्या घरातून, अगदी पुसट — वॉल्ट्झ!

मी एलनाकडे पाहिलं. ती हसली.

“वरून एखादा सूर गळतो कधीकधी,” ती हळूच म्हणाली. “तुझ्याकडे पोचतं वाटतं सगळं.”

“एलना! त्याला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की तो बटणं दाबणार, शिव्या घालणार, आणि हात थांबणार. तो हात बघून मला कळतं कुठलं गाणं आहे ते.” छताकडे पाहत म्हणाली, “पण खरं सांगू? ऐकायलाही आवडायचं गं.”

“काय कुजबुजताय?” हालफ्दान.

“तू सुंदर दिसतोस म्हणत होते!” एलना पूर्ण जोर लावून ओरडली.

“ते जुनंच आहे!”

वर आले. स्पीकरचं नाव बदलून ‘सिद्सेल’ केलं; नव्या बारशाने तो पुन्हा वर बसला, म्हणून यादीत त्याला बोटाने तळाशी ढकललं. फुशारकी तर फुशारकी.

१४ नोव्हेंबर

तिन्हीसांजेला माझ्याकडे शांतता. गालिचा सारून फरशीला कान लावला. या वयात उताणं-पालथं होणं सोपं नाही, पण ऐकू आलं. खाली, तिच्यापाशी.

ठीक. मग इतकं रिकामं का वाटावं?

२६ नोव्हेंबर

एलनाला आज वृद्धसेवागृहात नेलं. उचलून ठेवणं-वळवणं हालफ्दानला जमेना. चाकांच्या खुर्चीत, मांडीवर दुलई, दुलईत दडवलेला स्पीकर. मला पाहून डोळे मिचकावले.

“तिकडे त्याचा ताल धरणारा हात नसणार, म्हणून हा नेतेय. त्याला कळायचं नाही. कळवू नकोस.”

२८ नोव्हेंबर

हालफ्दान सकाळच्या बसने तिच्याकडे जातो, अंधार पडायच्या आत परत येतो. ओरडून विचारलं, थांबत का नाहीस तिथे? उत्तर अंगणभर ऐकू गेलं: “गाणी लावायची असतात! घराला सवय आहे!”

जिन्यात गुड्रुनने गाठलं. रागाने लाल.

“माझ्या बैठकीत कालपासून कोणीतरी अकॉर्डियन वाजवतंय! पुढच्या सभेत विषय घेणार आहे. सापडू दे तो!”

“केक असेल तर मी येते,” म्हटलं.

२९ नोव्हेंबर

स्पीकरचं नाव पुन्हा ‘बैठक’ केलं. यादीत सगळ्यांच्या वर.

दिवा लावला नाही. धुकं काचेला टेकलं होतं. वॉल्ट्झ आला, वेळेवर. खुर्ची बाजूला सारली, बूट काढले — खाली त्याला ठोके ऐकू जायला नकोत. जाणार नाहीतच म्हणा — आणि नाचले.