फुगवलेले गाल

बाबा, जयभीम.

मी इथी पुण्यात बरी हाये, जेवण टायमावर होते. घुग्घुसात धूळ लय उडते काय?

मास्क बनवाले आम्ही दोनशे लोकायच्या डोक्याचे स्कॅन घेतले. त्यायच्यात किती फरक हाये ते पाहून कॉम्प्युटरनं जगात नसलेले हजार चेहरे बनवले. तुमाले खाणीत भेटला तो नवा मास्क त्या सगळ्या चेहऱ्यायले बसला. पण ते दोनशे लोक सारे जवान होते, दात शाबूत. तुमच्या दाढा गेल्या, गाल आत गेले. तसा चेहरा हजारात एक नाई.

ड्युटीवरून आल्यावर मास्कच्या आत नाकापाशी कोळशाचं काळं दिसते काय? खरं सांगा.

कानापासून गालावरून नाकापर्यंत धागा लावून तो पाकिटात पाठवा. आई मोजीन तेव्हा, मले बरं वाटावं म्हणून, गाल फुगवू नका.

तुमची दिव्यानी